हिरव्या पट्टीला बंद दार

मोकळा तास सुरू झाला, तरी अभ्यासात अडलेल्या मुलांसाठीच्या आधारखोलीचं दार मृण्मयीला उघडेना. मनगटावरची पट्टी अभ्यास जोखून दारांना हुकूम द्यायची, हे दार फक्त लाल पट्टीला उघडायचं, आणि तिची पट्टी कायम हिरवी.

"हुशारबाई, तुमचं इथं काय काम?" वर्गातला निनाद खिदळला.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पट्टीवरची सगळी गणितं तिनं मुद्दाम चुकवली. पट्टी लाल झाली, दार उघडलं.

"तू? कुठं अडलं गं?" आत बसलेल्या डोईफोडे सरांनी विचारलं.

"कुठंच नाही, सर. आईच्या कीर्तनात मी मागं उभी राहून झील धरते. उद्या तिच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. आवाज राहील ना तिचा?"

सरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली. चुकलेली गणितं सुधार, म्हणून पट्टी किणकिणू लागली.

"चुकलेलीच राहू दे, पोरी. सुधारलीस तर बाहेर काढील ती तुला. बस, बोल."