टोकाचं घर

पुन्हा उजाडलं आणि रितेशने मोबाइल उशीवर आपटला. "खड्ड्यात गेला हा गेम!"

खेळ म्हणाल तर सोपा. शंभर वर्षं मागे जायचं आणि उजाडायच्या आत गावातल्या प्रत्येक घरी दिवा लावायचा. सगळे लागले की आजच्या काळात परतायचा दरवाजा उघडतो. पण शिमग्यासाठी रितेश मुंबईहून पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर आला, तेव्हापासून तो दरवाजा उघडायचं नावच घेत नव्हता. गडी असा इरेला पेटला होता, की पुरणपोळीसुद्धा एका हाताने खात होता.

धाकटी बहीण श्रुतिका त्याच्या खांद्यावरून डोकावली. "दादा, ते टोकाचं घर राहिलं की रे!"

"ते गावात धरायचं नाय," रितेश पटकन बोलून गेला.

बोलला आणि स्वतःच चपापला. खेळातल्या घराला कुणी वाळीत टाकलं होतं? वाळीत होते ते वाडीच्या टोकाचे महिपतीकाका. देवळामागची जमीन विकायला त्यांनी सही दिली नाही, म्हणून गावकीने त्यांच्याशी बोलणं तोडलं. गेल्या शिमग्याला पालखीसुद्धा त्यांच्या घरी गेली नाही. गावकीचे अध्यक्ष रितेशचेच वडील, कोंडाजी.

त्याने त्या घरी दिवा लावला. दरवाजा उघडला. पण आनंद कसला होतोय! आधी लाज वाटली, मग सणसणून राग आला.

संध्याकाळी पालखीचा पुढचा खांदा रितेशकडे होता. ढोल घुमत होता. महिपतीकाकांच्या घराशी वाट फुटते, तिथे मागून दरडावणी आली, "डावीकडं वळ!"

उजवीकडे अंगण सारवलेलं होतं. रांगोळी घातलेली होती. आरतीचं ताट घेऊन महिपतीकाकांची बायको, रखमाकाकी, दारात उभी होती, कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही.

रितेश उजवीकडे वळला.

"त्या घरी नाय जायचं, रितेश!"

"देव सगळ्यांचा हाय. नाय जायचं तर पालखी हितंच खाली ठेवा."

ढोल थांबला. देवळातून निघालेली पालखी वाटेत भुईला टेकवायची नाही, हा वाडीचा नेम. तो मोडायची छाती कुणाची? रितेश मागे न बघता अंगणात शिरला. पालखीचा मागचा खांदा दातओठ खात, पण देवाला धक्का लागू न देता, त्याच्या मागोमाग आला. तो खांदा कोंडाजींचा होता.