ओले फडके

पणजी मातीची भांडी घडवीत असे, आजी बाहुल्या, आई माणसांचे पुतळे. आणि या घरातल्या चौथीने आत्ता स्वतःच घडवलेल्या चेहऱ्यावर सुरी उगारली होती. नाक, ओठ, हनुवटी, सगळे खरवडून पुन्हा बादलीत टाकायचे. असे ती किती वेळा करून चुकली होती, ते तिलाही आठवत नव्हते.

"थांब," दारातून आई म्हणाली. "तो चेहरा राहू दे तसाच. सुरी खाली ठेव."

पुतळा सुईणीचा होता. अर्ध्या गावाला तिनेच या जगात आणले होते, म्हणून इस्पितळाच्या अंगणात ती आता ब्राँझमध्ये उभी राहायची होती. खांदे जमले होते. हातांतले तान्हे मूल तर असे जमले होते की आता रडेल असे वाटावे. चेहरा तेवढा हटून बसला होता. भिंतीवर सुईणीचे छायाचित्र होते. गोल, सैल, हसरा चेहरा. त्याच्याकडे पाहून ती माती लावी आणि दर वेळी काहीतरी खोटे उतरे. काय खोटे, ते मात्र सापडत नसे. महिनाअखेरीस ओतारी साचा घ्यायला येणार होता. तोवर चेहरा झाला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. पण तिला खरी धास्ती वेगळीच होती. हा चेहरा जमला नाही, तर आपल्या हातात आपले असे काही नाहीच, हे एकदाचे सिद्ध होणार होते.

"सकाळी भावाकडे जा," आई म्हणाली. "आठवडाभर इकडे फिरकायचं नाही."

ती चकित झाली. हात थांबला की त्याला गंज चढतो, हा या घराचा दंडक. आईने तापातही काम सोडले नव्हते.

"आणि माती? तिच्यावरचं फडकं एक दिवस सुकलं तरी तडे जातील."

"फडकं मी भिजवीन. तेवढी धमक आहे अजून या हातांत."

नेमके हेच तिला नको होते.

एकोणिसाव्या वर्षी तिने पहिला मोठा पुतळा केला होता, एका नावाड्याचा. डोळे जमता जमेनात आणि त्यातच ती आजारी पडून अंथरुणाला खिळली. तेव्हाही फडके आईनेच भिजवले. ती उठून पाहते तो नावाड्याचे डोळे जिवंत! पुतळ्याला पहिले बक्षीस मिळाले. "आईची लेक शोभतेस हो," असे जो तो म्हणाला आणि ती हसली. पण पापणीखाली तिला एक सरळ, बारीक रेघ दिसली होती. आईच्या उजव्या अंगठ्यावर जुनी चीर होती; ती मातीत अशीच उमटे. त्याविषयी दोघींपैकी कोणीही कधी चकार शब्द काढला नाही. मात्र त्या दिवसापासून तिने आपली माती एक रात्रदेखील आईच्या हवाली केली नव्हती. भावाच्या लग्नातूनही ती संध्याकाळीच परतली होती.

"जातेस, की कुलूप घालू?" आईने विचारले.

त्या घरात आईला तिसऱ्यांदा सांगावे लागत नसे.

भावाकडे पहिले काही दिवस तिने नुसते काढले. वहिनीने सोलायला दिलेल्या मटारातही तिची बोटे नाक शोधत. डोळा लागला की तो अंगठा दिसे. फोन उचलायचा आणि ठेवून द्यायचा.

"आई फडकं ओलं ठेवतेय आणि तू इथे डोळे," भाऊ म्हणाला. "घरात पाण्याची चंगळ आहे नुसती!"

"तुम्ही गप्प बसा हो," वहिनीने त्याला दटावले. "वन्सं, तुम्ही जरा बाहेर पायरीवर जाऊन बसा बघू."

ती बसली. पाववाली गेली, टपालवाला गेला, दोन बायका भांडत भांडत गेल्या आणि हसत परतल्या. कितीतरी काळाने ती माणसांचे चेहरे नुसते पाहत होती, घडवण्यासाठी नव्हे. त्या दुपारी तिला गाढ झोप लागली.

आठवडा सरला तशी ती परतली आणि हातातली पिशवीही न ठेवता थेट कामाच्या खोलीत शिरली. फडके गार होते, ओलेचिंब होते. तिने ते अलगद सोडवले आणि दिवा तिरपा धरला. पापण्या पाहिल्या, ओठांचे कोपरे पाहिले, नाकपुड्यांची वळणे पाहिली. ती रेघ कुठेच नव्हती. होते ते तिचे स्वतःचेच ठसे, जसे सोडले होते तसे.

ती दोन पावले मागे सरली. आणि तिच्या हातातले फडके गळून पडले.

ताठ उचललेली हनुवटी. एका कोपऱ्यात आवळलेले ओठ. समोरच्याचे ऐकण्याआधीच निकाल देऊन मोकळी झालेली भुवई. छायाचित्रातल्या सुईणीच्या चेहऱ्यावर यातले काहीसुद्धा नव्हते.

आई दारात उभी होती. तीच हनुवटी, तेच ओठ.

"आई, ही तर तू आहेस."

"पहिल्या दिवसापासून."

"तुला दिसत होतं? मग बोलली का नाहीस?"

आईने खाली वाकून पडलेले फडके उचलले, पिळले आणि लेकीच्या खांद्यावर ठेवले.

"बोलले असते, तर ही दुरुस्तीही माझीच झाली असती. तुझ्या नावाड्याचं देणं आज फिटलं."