आबांचा पेपरातला फोटो
२००८ साल. दौंडच्या तेजश्रीने आपल्या आबांचा फेट्यातला फोटो इंटरनेटवर विकायला ठेवला. गुडघेदुखीच्या तेलवाल्याने तो घेऊन पेपरात छापला. आबांची वडगाव रासाईची थोरली बहीण कुशाबाई बांधाच्या भांडणावरून त्यांच्याशी बोलत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. पेपरात म्हाताऱ्याचा फोटो म्हणजे श्रद्धांजलीच. "माझ्याशी न बोलताच गेलास रं!" असा हंबरडा फोडत ती दारात आली. आबा भाकरी खात होते. "आक्का, कोण गेलं गं?" "तूच की, मुडद्या!" म्हणत तिने त्यांच्याच ताटातला तुकडा मोडला. दोघांना हसू आवरेना; तेजश्रीने फोटो काढला. पुढे एकही भाऊबीज चुकली नाही. आबा गेले, मागोमाग कुशाबाईही. तेजश्रीने सणसवाडीत स्टुडिओ थाटला. बहीणभावाचा तो फोटो परदेशात 'सुखी वृद्ध दांपत्य' म्हणून खपतोय, हे तिने दोघांनाही शेवटपर्यंत कळू दिलं नाही.