फिकट, मध्यम, गडद

तपासनिसाने पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरला. पलीकडे उभा असलेला रंगारी त्यातून लख्ख दिसला. ते काही तपासनिसाला आवडलं नाही.

"रंग कुठाय?"

"काढला," रंगारी म्हणाला.

"काढला म्हणजे? ठेवला कुठे?"

"त्या पिंपात, सर," रंगाऱ्याची धाकटी बहीण पुढे झाली. "आत शेंगांच्या टरफलांचा कोळसा आहे. रंग कोळशाला चिकटतो, पाणी तेवढं खाली येतं."

कोळसा तिनेच केला होता, कॉलेजात शिकून. टरफलं कमी पडू नयेत म्हणून चार महिने सगळं घर शेंगा खात होतं. त्यांच्या वडिलांचा, आबांचा, एक दात त्यात गेला. आत्ताही ते पोत्याशी बसून शेंगा फोडत होते. खायची इच्छा मरून बरेच दिवस झाले होते.

नाल्यात निळं पाणी सोडलं म्हणून त्यांच्या कापड रंगवायच्या कारखान्याला एकोणीस दिवस सील होतं. आज पाणी पास झालं तरच ते निघणार होतं. त्यासाठी तपासनिसाच्या डोळ्यांदेखत सकाळी चार तागे निळे रंगवून झाले होते.

तपासनिसाने टॅब पुढे केला. "हे बघा. पाण्याची छटा. फिकट, मध्यम, गडद. गडद असलं तर सील कायम, मध्यम असलं तर दंड, फिकट असलं तर काम चालू. एक काहीतरी भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"मग काहीच नाही असं लिहा ना!"

"कुठे लिहू? कपाळावर?"

"बरं, फिकट भरा," रंगारी म्हणाला.

"फोटो जोडावा लागतो. आणि पाणी फिकट नाहीये. मी खोटं लिहीत नसतो."

"अहो, हे फिकटाहून चांगलं आहे!" बहिणीचा आवाज चढला.

"असेल. पण फिकट नाही."

"मग ऑफिसात विचारा कुणाला तरी."

"विचारलं. ते म्हणाले, असं आजवर झालेलंच नाही. नवीन रकाना घालायचा तर समिती बसेल."

"कधी बसेल?"

"आधीची उठली की."

तिने पिंपाचं झाकण उघडून दाखवलं. नळी दाखवली. कोळशाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. तपासनिसाने तो नीट निरखला आणि परत दिला. "मला सगळं पटतंय, ताई. ह्याला पटत नाहीये," तो टॅबकडे बोट दाखवून म्हणाला.

रंगाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. कपाळ निळं झालं.

क्षणभर सगळे त्या कपाळाकडे बघत राहिले.

मग रंगाऱ्याने तपासनिसाच्या हातातल्या ग्लासात दोन बोटं बुडवली. निळी रेघ हलत हलत खाली उतरली.

"हां!" तपासनीस खुलला. "बास, बास. आणखी नको, मध्यम होईल."

त्याने फोटो काढला. पुढचं पान उघडलं. पाच मिनिटांत सील निघालं.

जाताना तो दारात थांबला. "छान काम आहे हं. फक्त पुढच्या महिन्यात येईन तेव्हा पाणी एवढं साफ करू नका. उगाच अडकून पडाल."

बहीण पिंपाचं झाकण हातात धरून उभी होती.

आबांनी चिमटीतली शेंग न फोडताच पोत्यात परत टाकली.