खिडकीतले नारळ
वेबसाईट खरी की खोटी हे कसं ओळखायचं, ते मी शिकवत होते. खोट्यांचे नमुने दाखवून झाले, म्हणून खरीचा नमुना म्हणून वेरूळ रोडवरच्या आमच्याच कॉलेजची वेबसाईट पडद्यावर उघडली. प्रयोगशाळेच्या फोटोत सूक्ष्मदर्शकांची चकचकीत रांग होती. आमचा तास त्याच प्रयोगशाळेत भरतो, कारण ती रिकामीच असते. पिशोरहून शिकायला आलेली विशाखा उभी राहिली. "मॅडम, फोटोतल्या खिडकीतून नारळाची झाडं दिसायलीत. आपल्या खिडकीतून तर नुसता पाण्याचा टँकर दिसतोय. हा फोटो इथला नाय." मी तडक प्राचार्यांकडे गेले, विशाखानं पकडलेल्या नारळांचं सांगितलं आणि फोटो काढायची विनंती केली. "सोमवारी तपासणी समिती येतेय," ते शांतपणे म्हणाले, "आणि तुमच्यासारख्या तासिकेवरच्या प्राध्यापकांच्या ऑर्डरवर सही माझी असते. पण पोरीची नजर लई बारीक आहे हं!" मी तासावर परत आले. रविवारी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आले आणि नर्सरीतून दोन उंच नारळ. समितीनं त्या खिडकीपाशी चहा घेतला आणि उत्तम शेरा दिला. मंगळवारी सूक्ष्मदर्शक परत गेले. झाडं तेवढी राहिली. पोरांसाठी येणाऱ्या टँकरचं पाणी आता त्यांच्या आळ्यात जातं. पुढच्या तासाला मी ठरलेला प्रश्न विचारला, "मग, त्या वेबसाईटवरचं खरं काय निघालं?" विशाखानं खिडकीबाहेर पाहिलं. "नारळ, मॅडम."