दिराची वायरिंग

वायरमनने सीपीयू कंपनीच्या दुरुस्ती केंद्राच्या काउंटरवर जवळजवळ आपटलाच. "वहिनीचा आहे. परत बंद पडलाय. घरातली वायरिंग खराब आहे म्हणून जळतो, असं तुम्ही तिला सांगितलंत. ती वायरिंग मी केलीय."

काउंटरमागच्या दुरुस्तीवालीने मान खाली घातली. कंपनीचं हे ठरलेलं उत्तर होतं: यंत्र चांगलं, तुमची वीज वाईट. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! रोज तेच बोलून तिची जीभ विटली होती.

"भाऊ म्हणतो, सख्ख्या भावाच्या घरात हलकी वायर घातलीस. दारात उभं करत नाही मला. वहिनीने हा दाराबाहेरच हातात दिला, नजरही वर केली नाही. आता तुम्हीच सांगा, माझं काम खराब आहे?"

रांगेतली माणसं ऐकत होती. काचेच्या केबिनमधून साहेबही बघत होते. गिऱ्हाइकासमोर यंत्र उघडायचं नाही, मागच्या खोलीत न्यायचं, हा त्यांचा नियम. तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि सगळ्यांच्या देखत पत्रा काढला.

आत बोर्डवर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची बुटकी नळकांडी ओळीने उभी होती.

"यांचा माथा सपाट हवा. बोट फिरवून बघा."

वायरमनने बोट फिरवलं. "फुगलेत. हा तर फुटलाय."

"हा हलका माल स्वस्तात आला म्हणून कंपनीने सगळ्या यंत्रांत तोच बसवला. मागच्या वेळी बदलून दिलेल्या या बोर्डातही तोच. वहिनींना फोन लावा."

साहेब तरातरा बाहेर आले. "तो पत्रा लावा आधी."

तिला भयंकर राग आला होता, आणि त्या रागात कित्येक दिवसांनी मोकळं वाटत होतं. वायरमनने लावलेला फोन तिने त्याच्या हातातून घेतला.

"ताई, कंपनीतून बोलतेय. तुमच्या दिरांचं काम चोख आहे. खोट आमच्या मालात आहे. आम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं."

आवाज रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. वायरमनने फोन कानाला लावला, "हो वहिनी, येतो," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"उद्यापासून कामावर येऊ नका," साहेब म्हणाले.

"उद्याचं उद्या, साहेब. आज रांग मोठी आहे," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाचा सीपीयू तिने आपल्याकडे ओढला.