विटलेला लाल

सिगारेटच्या पाकिटांतून पूर्वी बेसबॉल खेळाडूंची चित्रं निघायची. ती कशी छापत, हे शोधण्यात माझी वीस वर्षं गेली. प्रत्येक रंगाचा छापायचा दगड वेगळा असायचा. त्यातला लाल द्यायचाच राहून गेलेलं चित्र हाती लागलं, की आमच्यासारखे येडे नाचायचेच बाकी राहतात.

स्क्रँटनहून विनिफ्रेडबाई तसलंच वाटणारं एक चित्र घेऊन आल्या. साठी उलटलेली, पण आवाज करारी.

"माझ्या भावाचा लाडका खेळाडू हा. भाऊ लढाईत बेपत्ता झाला आणि आईने पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. डोळ्यांतून टिपूस नाही हो! काळीजच दगडाचं. मी लग्न करून गेले ती परत त्या घराची पायरी चढले नाही. गेल्या महिन्यात ती गेली, तर मातीलासुद्धा नाही गेले. आता घर रिकामं करायला जावंच लागलं, तेव्हा हे तिच्या कपाटात सापडलं."

मी चित्र भिंगाखाली धरलं. लाल ठिपके होते, पण पार विटलेले.

"बाई, छपाई चुकलेली नाही. लाल उन्हाने खाल्लाय. मागची बाजू बघा, कशी कोरी करकरीत! हे वर्षानुवर्षं खिडकीच्या काचेला लावलेलं होतं, तोंड बाहेर करून."

बाईंनी चित्र हातात घेतलं.

"आमच्याकडे ऊन फक्त आईच्या खिडकीत येतं. स्टेशनवरून घरी येणाऱ्याला तीच आधी दिसते."